या सेवा

बायको गेली. माणसं भेटायला येतात आणि म्हणतात, भरल्या वयात गेली, सुटली. कशातून सुटली ते कुणी सांगत नाही. मीही विचारत नाही. चहा पाजतो आणि वाटेला लावतो. माझं शिक्षण दुसरीपर्यंत, त्यातही पहिली दोनदा, तेव्हा लिहितो तसं वाचून घ्या.

मयतीच्या दिवशी गल्लीतली एक म्हातारी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आमची आय सांगायची, तुमच्या मालकिणीच्या अंगात तरुणपणी देवी यायची म्हणून."

मी म्हणालो, "देवी न्हाई, टँगो."

तिला ऐकायला कमी येतं. म्हणाली, "व्हय, टांग्यातून यायची."

आता काय करायचं? ज्यांना खरं माहीत होतं ती सगळी मातीत गेली. उरलो मी. म्हणून लिहायला बसलो.

लढाईची वर्षं होती. नगरच्या कँपात गोऱ्यांच्या पलटणी यायच्या, रणगाडे चालवायला शिकायच्या आणि निघून जायच्या. कँपाच्या कडेला साहेबलोकांचा क्लब होता. तिथं दर शनिवारी संध्याकाळी डान्स. आधी पलटणीचाच बँड वाजवायचा, पण त्यातले अर्धे लढाईवर गेले आणि वाजवायला माणूस उरला नाही. मग शहरातल्या आम्हा लग्नाच्या बँडवाल्यांना गोळा केलं. माझा आजा डफडं वाजवायचा, बाप मिशनच्या बँडात मोठा ढोल, आणि मी क्लॅरिनेट. लग्न, मयत, नाताळ, जे येईल ते वाजवायचं. साहेब नाचणार तर नाचू दे, आपलं काय जातं.

आम्हाला शिकवायला एक मास्तर आणला, गोव्याचा. आगबोटीवर आणि मुंबईच्या हॉटेलांत व्हायोलिन वाजवून आलेला. आमच्यासारखंच येशूचं लेकरू, पण आमच्या देवळात यायचा नाही. त्याचं देऊळ निराळं. अंगावर एकच काळा कोट, उन्हाळ्यातसुद्धा. त्यानं आम्हाला नाचाची साधी गाणी शिकवली ती आम्ही पटापट उचलली. त्यात काही नव्हतं. पोरांच्या खेळासारखी गाणी. मग एक दिवस तो तबकड्यांची पेटी घेऊन आला आणि म्हणाला, "आता टँगो."

ढोलवाला माझा चुलतभाऊ होता. तो म्हणाला, "टांगा? अन् घोडा कुठाय, मास्तर?"

मास्तर हसला नाही. त्यानं तबकडी लावली.

ते गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दुपारच होती, क्लबाच्या रिकाम्या हॉलमध्ये आम्ही बसलेलो, खिडकीतून ऊन आत आलेलं. तरी अंगावर काटा आला. ते गाणं चालत नाही, चोरपावलानं येतं. दोन पावलं टाकतं आणि थांबतं. कुणी मागून येतंय का ते ऐकल्यासारखं थांबतं, मग पुन्हा दोन पावलं. चुलतभाऊ ढोलावर हात ठेवून बसला आणि म्हणाला, "हे वाजवताना मला सारखं पाठीमागं बघावं वाटनार."

भाषा कुठल्या कुठे सातासमुद्रापलीकडची. मास्तरला ती थोडी येत होती. त्याची स्वतःची गोव्याची साहेबी भाषा तिच्या जवळची म्हणे. आम्ही विचारायचो, हे काय म्हणतंय, ते काय म्हणतंय. सगळ्यांत एकच. गरीब वस्तीतली पोरगी नाचघरात जाते. रेशमी झगा, मोत्याची माळ, काचेच्या झुंबरांचा उजेड, फेसाची दारू. सगळे तिच्याकडेच बघतात. आणि मग उजाडतं.

मी विचारलं, "मास्तर, एखादी तरी पोरगी शेवटी सुखात ऱ्हाते का?"

"राहत असेल," मास्तर म्हणाला. "तिच्यावर गाणं नाय करत."

क्लबाच्या मुदपाकखान्यात खानसामा होता, त्याची मुलगी हाताखाली यायची, ती पुढे माझी बायको झाली. मूळचे ते कोल्हारकडचे. बाप साहेबांना कोंबडी भाजून घालायचा, मुलगी बटाटे सोलायची आणि दारात उभी राहून आमचं ऐकायची. आमच्या देवळात रविवारी ती गायची तेव्हा लोक डोळे मिटायचे, ते प्रार्थनेसाठी की दुसऱ्या कशासाठी ते देवालाच माहीत. मी कधी मिटले नाहीत.

दिसायला ती कशी होती हे मला लिहिता येत नाही. एवढंच सांगतो. ती खोलीत आली की मला बाकीच्यांची तोंडं दिसायची, सगळी तिच्याकडे वळलेली. म्हातारी, पोरं, साहेबाचा कुत्रासुद्धा.

ती तबकडी ऐकून ऐकून तिनं गाणं तोंडपाठ केलं. अर्थ कळत नव्हता. पोपट बोलतो तसं. एकदा बटाटे सोलता सोलता म्हणत होती ते मास्तरनं ऐकलं आणि तो मुदपाकखान्याच्या दारात जाऊन उभा राहिला. हातातली सिगारेट विझेपर्यंत तसाच उभा. मग तिच्या बापाला म्हणाला, "बाबा, ही मला दे."

बाप हातातला सुरा खाली न ठेवताच म्हणाला, "कशाला देऊ?"

"गायला."

"लोकं नाचनारीत धरतील."

"नाचायचं नाय. उभं राहून गायचं. देवळात गाते तसं."

"देवळात दारू न्हाई पित कुनी," बाप म्हणाला. पण साहेबाच्या मडमेनं स्वतः निरोप पाठवला आणि आपला एक जुना झगा दिला, निळा, बाह्या नसलेला. मडमेला नाही कोण म्हणणार? आणि खरं सांगतो, बाप मनातून फुगलाही होता. माणूस घाबरतो आणि फुगतो एकाच वेळी, मी पाहिलंय.

त्या गाण्यात तीन शब्द परत परत यायचे. या से वा. ती थांबायची जागा होती ना, दोन पावलांनंतरची, तिथंच बरोबर. या से वा. आणि सगळं वाजप गप्प.

चुलतभाऊ पहिल्याच दिवशी म्हणाला, "या, सेवा. कुनाची सेवा करायची बाई?"

"तुज्या ढोलाची," ती म्हणाली. "वाळलाय बग किती, तेल लाव." मला म्हणाली, "अन् तुमी काय बगता, पिपानीवाले? फुंका की." क्लॅरिनेटला ती जन्मभर पिपाणीच म्हणाली.

मग तिनं मास्तरला अर्थ विचारला. मास्तर व्हायोलिनची तार पिळत म्हणाला, "म्हणजे ती जाते. अजून हाय, समोर हाय, पण निघाली. तू बघते तोपर्यंत जाते."

"कोन जाते?"

"तिचं रूप."

ती म्हणाली, "मग लवकर बगून घ्यावं लोकांनी." आणि हसली. आम्हीही हसलो. मास्तर नाही हसला.

पहिल्या दोनतीन शनिवारांतच तिचं नाव कँपभर झालं. काय नाव झालं असेल ते माहीत नाही, साहेबांना तिचं खरं नाव उच्चारता यायचं नाही. खिडक्यांना काळे कागद डकवलेले, आत दिवे, आणि ती निळ्या झग्यात उभी. टँगो मागणारे बहुतेक कोवळे साहेब असायचे. आज मागितला आणि पुढच्या शनिवारी विचारलं तर म्हणायचे, गेला, ब्रह्मदेशात गेला. मग दुसरा मागायचा. तोही जायचा. चुलतभाऊ म्हणायला लागला की हे गाणं माणसं मोजून नेतंय, आपण दुसरं वाजवू. मास्तर म्हणाला, दुसरं वाजवलं तरी जाणारच आहेत.

अशात शहरात देवी आल्या. पहिल्यांदा माळीवाड्याकडं ऐकू आलं, मग बाजाराकडं. दारांना कडुनिंबाचे डहाळे दिसायला लागले. क्लबाच्या साहेबानं हुकूम काढला, नोकर म्हणून जो आत येतो त्यानं पुन्हा टोचून घ्यायचं. सरकारी टोचणारा आला, त्याला आम्ही देवीडॉक्टर म्हणायचो. मुदपाकखान्याच्या मागच्या अंगणात आम्हा सगळ्यांना रांगेत उभं केलं. तो दंडावर औषध लावायचा आणि वरून सुईनं ओरखडायचा. झालं.

तिचं टोचून झालं तसं मी तिला ओट्यापाशी वळताना पाहिलं. बापानं चिरलेल्या लिंबाची फोड तिनं उचलली, दंडावर घासली, आणि ओट्यावरच्या चिंधीनं खसाखसा पुसून टाकलं.

मी म्हणालो, "येडी हायेस का? औषध गेलं ना."

"जाऊ द्या. नाताळाचा डान्स आलाय. दंड उघडा असतो माजा. त्यावर पिकलेला फोड घेऊन उभी ऱ्हाऊ?"

"ल्हानपनी तरी टोचलं हुतं का?"

"देवीडॉक्टर गावात आला की आय मला दान्याच्या कनगीत घालून वर झाकन ठेवायची. मला कुनी टोचलं न्हाई आन् मला काय झालंबी न्हाई."

"मी सांगतो मामांना."

"सांगा की. मग माज्या जागी तुमीच झगा घालून गा. पिपानी फुकट जाईल, येवढंच."

मी तिच्या बापाला सांगितलं, त्याच दिवशी. तो तिच्यावर ओरडला, ती रडली, देवीडॉक्टर तोवर गेला होता, आणि नाताळाची कोंबडी शंभर लोकांसाठी करायची होती. ते राहिलंच.

नाताळाच्या डान्सला ती गायली तसं मी पुन्हा कुणाला गाताना ऐकलं नाही. सगळा हॉल नाचायचा थांबला. बायका नवऱ्यांचे खांदे धरून उभ्याच्या उभ्या. एक मडम तोंडावर रुमाल धरून बाहेर गेली. या से वा म्हणून ती थांबली तेव्हा झुंबराच्या काचा हलताना ऐकू आल्या. मला तेवढं सगळं आठवतं, पण खरं आठवतो तो तिचा दंड. साफ, गुळगुळीत. एक ओरखडा नाही.

नवीन वर्ष लागलं आणि तिला ताप भरला. पाठ मोडल्यासारखी दुखते म्हणाली. मग अंगावर उठलं.

तिच्या आईला लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या, तोंडावर वण होते, ती शेजारी बसून राहायची. बापाला आणि मला टोचलेलं होतं म्हणून आम्ही आतबाहेर करायचो. पाद्रीसाहेब सकाळी येऊन प्रार्थना म्हणून जायचे. ते कोपऱ्यावर वळले की तिची आई दाराला पाला लावायची आणि चूल थंड ठेवायची. घरात फोडणी नाही, तळण नाही. बाप क्लबात दिवसभर तुपात तळायचा आणि घरी येऊन शिळी भाकरी खायचा. मी म्हणालो, मावशी, आपण ख्रिस्ती माणसं. ती म्हणाली, "देवीला कुटं म्हाईतीये?"

ताप चढला आणि ती बरळायला लागली. बरळली ते मराठी नाही. डोळे मिटलेले, ओठ सुजलेले, अंगावर फोड इतके की बोट ठेवायला जागा नाही, आणि ती टँगो म्हणत होती. हळू, चोरपावलानं. दोन पावलं आणि थांबणं. मग मोठ्यानं, स्पष्ट: या से वा.

भिंतीला लागून शेजारी माग होते, साडी विणणारं घर. तिथली बाई पहिल्यांदा दारात आली. तिनं ऐकलं, आणि डोक्यावरचा पदर नीट केला. दुपारी ती आणखी तिघींना घेऊन आली. चौघी उंबऱ्याबाहेर हात जोडून उभ्या.

"ऐका," ती म्हणाली. "कुठल्या भाषेत बोलतीये ते कळत न्हाई. देवाची भाषा. पन मधी मधी आपल्यासाठी सांगतीये. या, म्हनती. सेवा, म्हनती."

मी म्हणालो, "वैनी, ते कँपातलं गाणं हाय. आमी वाजवतो ते."

"तुमी वाजवता का? मग सांगा बरं, काय अर्थ?"

"ती जाते, असा अर्थ."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी दगड मारलाय. "आजाऱ्याच्या दारात असलं बोलता व्हय? जीभ झडंल." आणि सगळ्यांनी उंबऱ्याला डोकं टेकलं.

दुसऱ्या दिवशी नारळ आले. हळद, कुंकू, दहीभात. बाया उंबऱ्यातून आत सरकल्या, मग खोलीत, मग अंथरुणाच्या पायाशी. आतून 'या सेवा' ऐकू आलं की बाहेर कुजबूज व्हायची. कुणी सुनेला मूल होईल का विचारी, कुणी लढाईवर गेलेल्या पोराचं विचारी. ती तापात पुढची ओळ म्हणायची आणि तिचा अर्थ मागवाली बाई लावायची. बाप क्लबातून आला की दारात इतक्या चपला बघून बाहेरच थांबायचा. तो त्यांना हाकलणार होता. पण त्याच्या बायकोनं त्याचा हात धरला. "लेक जगू दे. ज्याच्या नावानं जगंल त्याच्या नावानं जगू दे."

ती जगली. ताप उतरला, फोड वाळायला लागले, खपल्या धरल्या. आईनं घरातला आरसा पेटीत ठेवला होता, पण तिनं हातानं चाचपून बघितलं असणार. मला म्हणाली, "पिपानीवाले, माजं काय शिल्लक हाय का?"

मी म्हणालो, "डोळे हायेत."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"बरं झालं," म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड केलं.

बाया काही जायला तयार नव्हत्या. ताप उतरला तरी येतच होत्या. आता ती बोलेना, तर म्हणाल्या देवी मुक्कामाला राहिली. मागवालीनं एक दिवस बापासमोर विषय काढला. ही पोर आता देवीची झाली, हिला कुणाला द्यायची नाही, गल्लीतच कोपऱ्यावर एक खोली करू, तिथं बसवू, सेवा आम्ही करू. असलं तोंड घेऊन पोरीचं पुढं काय होणार हे बापालाही दिसत होतं.

मागवालीची एक लहान मुलगी होती, नुकती चालायला लागलेली. तिला ती रोज आणायची आणि माझ्या बायकोच्या मांडीवर ठेवायची. आशीर्वाद म्हणून. खपल्या अंथरुणावर पडलेल्या, पोर त्यात हात घालून खेळायची.

अशात देवीडॉक्टर गल्लीत आला. पेटी घेऊन कोपऱ्यावर उभा राहिला आणि एका दारातून दुसऱ्या दारात गेला. एकाही घरानं पोर पुढं केलं नाही. मागवालीनं त्याला परत कोपऱ्यावर घालवलं. "आमच्यात देवी स्वतः बसलीये. तिच्यासमोर सुई काढशील? सगळी गल्ली जाळायचीये का?"

हे मी आत येऊन सांगितलं. पोर तिच्या मांडीवरच होती. तिनं पोरीचा दंड वर करून बघितला. कोरा. ती पोरीला खाली ठेवून उठली. किती दिवसांनी उठली ती. भिंत धरून उभी राहिली आणि म्हणाली, "पिपानी आना. ढोलालाबी बोलवा."

"काय करनार?"

"सेवा," ती म्हणाली. अशी म्हणाली की मला पुढं विचारवलं नाही.

मी चुलतभावाला आणलं. भर सकाळ, गल्लीत ऊन, देवीडॉक्टर अजून कोपऱ्यावरच बसलेला. बाया नळाचं पाणी भरून येत होत्या. ती दारात आली, पदर न घेता. तिला अशी उजेडात कुणी अजून पाहिली नव्हती. बायांनी हंडे खाली ठेवले आणि हात जोडले. मागवाली पुढं येऊन पाया पडायला वाकली.

"वाजवा," ती म्हणाली.

आम्ही टँगो वाजवला. ती गायली. आवाज चिरलेला होता, घशातही फोड येऊन गेलेले. पण तेच गाणं, तेच शब्द, त्याच जागी थांबणं. या से वा. बाया पुटपुटल्या, बघा, देवी बोलली. कुणाला काही वेगळं वाटलंच नाही. उलट ढोल आहे, पिपाणी आहे, म्हणजे आता देवी खेळणार असं वाटलं त्यांना. एक बाई हळदीचं ताट घेऊन धावत आली.

ती गायची थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि पुढं येऊन माझ्या हातातून क्लॅरिनेट काढून उंबऱ्यावर ठेवलं. माझा डावा हात धरला. उजवा घेऊन आपल्या कमरेवर ठेवला. साहेब आणि मडम उभे राहतात तशी उभी राहिली, भर गल्लीत, गळ्याला गळा. म्हणाली, "चला. दोन पावलं."

मला नाचता येत नव्हतं. आम्ही फक्त वाजवायचो. मी तिच्या पायावर पाय दिला. चुलतभाऊ एकटाच ढोल वाजवत होता, आणि आम्ही दोन पावलं टाकली, थांबलो, दोन पावलं टाकली. तिला नीट उभंही राहवत नव्हतं, माझ्या खांद्यावर तिचा सगळा भार.

मग कुणीतरी म्हणालं, "परपुरुषाचा हात धरला."

हळदीचं ताट मागं फिरलं.

ती थांबली आणि बोलली. "हे कँपातल्या दारू प्यायच्या नाचाचं गानं हाय. तापात बोलले ते हेच. ह्या तोंडाचं काय झालं ते आईका. मला टोचलं हुतं. दंड खराब दिसंल म्हनून मी लिंबानं पुसून टाकलं. देवीबिवी कुनी आली न्हाई."

मागवाली अजून हात जोडूनच उभी होती. तिनं हात सोडले. "म्हंजे येवढे दिवस आमी कुनाच्या पाया पडलो?"

"खानसाम्याच्या पोरीच्या."

मागून कुणीतरी हसलं. दुसरी थुंकली. एकीनं घरात घुसून आपला नारळ परत आणला, मग बाकीच्या आपापले शोधायला लागल्या, हा माझा, तो तुझा. मागवाली जागची हलली नाही. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. मग ती आत गेली, पोरीला काखेत मारून बाहेर आली आणि सरळ कोपऱ्यावर देवीडॉक्टरकडं. "टोच हिला," म्हणाली. "ह्या नाचनारीच्या अंथरुनात लोळलीये माजी पोर."

तिच्यामागून आणखी दोघीतिघी गेल्या. रागानंच गेल्या. औषध वाळेपर्यंत माझी बायको, तेव्हा अजून झाली नव्हती, त्या पोरीसमोर जमिनीवर बसून राहिली, कुणी पुसू नये म्हणून. मागवालीनं तिला लाथ मारून बाजूला सरकवलं नाही एवढंच.

पुढचे दिवस वाईट गेले. उशीर झाला असेल तर टोचून काही उपयोग नाही असं देवीडॉक्टर जाताना म्हणाला होता. पोरीला काही झालं असतं तर गल्लीनं आम्हाला जिवंत ठेवलं नसतं, हे कुणी बोललं नाही पण सगळ्यांना माहीत होतं. बापानं कोल्हारला जायचं बोचकं बांधून दाराशी ठेवलं. क्लबानं त्याला रोग घरात आहे म्हणून कामावरून थांबवलं होतं. मास्तर एकदा येऊन गेला, दारातूनच. पुण्याला निघालो म्हणाला. तिनं त्याला आत बोलावलं नाही. माझं तिच्याशी लग्न करायचं ठरलं, ठरवायचं काय होतं, हात गल्लीसमोर धरलेला होता. बाप म्हणाला, "तुला दिसतंय ना, कसली झालीये ती?" मी म्हणालो, "मामा, दोन्ही डोळे हायेत माजे."

पोरीला ताप आला. मागाचा खडखडाट बंद पडला. भिंतीला कान लावून ती बसायची, पोर रडते का ऐकत. रडली तर म्हणायची, रडतीये, म्हणजे जीव हाय.

तापाच्या तिसऱ्या सकाळी दार वाजलं. मागवाली उभी, पोर काखेत. बापानं बोचक्याला हात घातला. बाईनं पोरीची बाही वर केली. दंडावर टोचलेल्या जागी मोठा फोड, पिकलेला, भोवती लाल. बाकी अंग साफ.

माझ्या होणाऱ्या बायकोनं तो दंड खालून, वरून, दिव्यासारखा धरून बघितला. "पिकलाय," ती म्हणाली. "लागलं औषध."

"रातभर झोपली न्हाई माजी पोर," मागवाली म्हणाली. "तुज्यामुळं."

"रडू द्या तिला."

बाईनं बाही खाली ओढली आणि गेली. ती गल्लीत परत आमच्याशी बोलली नाही, आणि तिच्यामागे बाकीच्याही नाहीत. लग्नानंतर आम्ही त्याच गल्लीत राहिलो, दुसरीकडं कुठं जाणार? बायको नळावर गेली की बाया हंडे उचलून बाजूला व्हायच्या आणि ती एकटीच भरायची. तिला त्याचं काही वाटायचं नाही असं मी लिहिणार नाही. वाटायचं. त्या पोरीच्या तोंडावर एक वण उठला नाही. कधी ती नळावर आईच्या मागं आली, तर आई पटकन तिच्या तोंडावरून पदर ओढायची, माझ्या बायकोची नजर लागू नये म्हणून. आणि बायको नजर वळवून पाण्याकडं बघत राहायची, हंडा भरून वाहायला लागेपर्यंत.